मशीनच्या डोळ्यावरचं कुंकू

अमृत बोरी बुद्रुकचा, फतेचंद शेठच्या डेअरीत फिटर. पिशव्या भरायचं जर्मन मशीन आलं, पण त्याची पुस्तकं कुणाला वाचता येईनात. शेठनं अमृतलाच दोन वर्षं दर रविवारी एसटीनं पुण्याला जर्मनच्या वर्गाला धाडलं.

तिथं त्याला सगळ्यात जड गेला तो भूतकाळ. बोलताना एक, लिहिताना दुसरा. आणि घडलेल्याच्याही आधी जे घडून गेलं, त्याला तिसराच. बाई फळ्यावर रेघ ओढायच्या आणि म्हणायच्या, "मागं जा. त्याआधी काय झालं होतं?" परतीच्या एसटीत अमृत घोकत बसायचा: मी दार उघडलं. त्याआधी कुणीतरी कडी काढली होती.

अठ्ठ्याण्णवच्या खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. पूजा आटोपून बटण दाबलं, तर पिशव्या भलत्याच जागी कापल्या जाऊ लागल्या. फरशीवर दूधच दूध. साफसफाईच्या बहिरूनं घाईघाईनं पाइप मारला. पाणी पॅनलमध्ये शिरलं आणि पॅनल जळालं.

"बहिरू, उद्यापासून येऊ नको," शेठ म्हणाले. "अमृत, जर्मनीला फॅक्स कर. कंपनीनं काय काय घडलं ते क्रमानं मागितलंय."

अमृत लिहायला बसला. बहिरूनं पाणी मारलं. त्याआधी दूध सांडलं होतं. त्याआधी पिशव्या चुकल्या होत्या. त्याआधी...

पिशवी कुठं कापायची ती खूण बघणारी एक बारकी काच मशीनला होती. सगळे तिला मशीनचा डोळा म्हणायचे. बाकीच्यांनी हळदकुंकू पत्र्याला लावलं. अमृतनं मात्र मोठ्या भक्तीनं डोळ्यालाच लावलं होतं. पाइपच्या पाण्यानं ते धुऊन गेलं.

त्यानं तेही लिहिलं. हात जराही अडखळला नाही. जर्मन इथं वाचणार कोण?

दारात बहिरू उभा होता. "अमृतभाऊ, माझं नाव घातलं का त्यात? घाला राव. तिकडं मला कोण वळखतंय?"

"काय लिहिलंस?" शेठनं विचारलं. "मराठीत सांग."

अमृत पाण्यापर्यंत आला, दुधापर्यंत आला, पिशव्यांपर्यंत आला आणि थांबला.

"झालं एवढंच?"

त्यानं कागद खाली ठेवला. "न्हाई शेठ. त्याच्या आधी मशीनच्या डोळ्याला कुंकू लावलं व्हतं. मी."

 शेठ दाराकडं वळून म्हणाले, "बहिरू, उभा काय राहिलास? फरशी कोरडी कर." अमृतला ते काहीच बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. ते त्याला जास्त लागलं.

पुढच्या नवमीला पूजेआधी बहिरू मशीनच्या डोळ्यावर अंगठा दाबून उभा राहिला.

"हां, अमृतभाऊ," तो म्हणाला, "आता लावा कुठं लावायचंय ते."