उतारावर धावणारा माणूस

मंडळी, दोन वर्षांनी आज पुन्हा धावलो. ट्रायथलॉनचं खूळ परत डोक्यात शिरलंय. माझा माझ्या गुडघ्यावर विश्वास नव्हताच, पण लोकांचा माझ्यावर नाही, हे आज कळलं.

पोलादपूरजवळच्या एका वाडीतून भर पावसात उतारावर धावत होतो. दारादारातून माणसं संशयाने बघत होती. वाटलं, चोर समजतायत.

एक काकी पोर कडेवर घेऊन थेट रस्त्यातच आली. "दरड आली काय रे?"

"नाय गो काकी, व्यायाम करतोय."

तिने आधी डोंगर न्याहाळला, मग मला. "मग चढाला धाव. उतरताना चालत जा."

पोर काही तिने खाली ठेवलं नाही.

पुढे मी चालतच उतरलो. तेही तीनदा मागे वळून डोंगराकडे बघत. तुम्ही धावला असतात?