हारासाठी फोटो

माणूस जातो, पण त्याचं छायाचित्र मागे उरतं. तेराव्याच्या आदल्या दिवशी, हार घालायला काकांचा फोटो शोधू लागलो, तेव्हा हा विश्वास फार टिकला नाही.

काकूने रोलच्या काळातले अल्बम काढले. त्यातले सगळे फोटो काकांनीच काढलेले. रोल महाग, म्हणून एकेका फोटोसाठी ते आम्हाला उन्हात श्वास रोखून उभं करायचे. स्वतःवर मात्र त्यांनी फिल्म घालवली नाही. पुढे मोबाइल आले आणि फोटो फुकट झाले. चुलतभावाच्या मोबाइलमध्ये त्याचा कुत्रा, कॉफीचे कप आणि मावळते सूर्य हजारोंनी निघाले.

"अरे, तुझ्या बाबांचा एकही नाही?" काकूने विचारलं.

"कधीही काढता आला असता ना गं," तो म्हणाला.

महागाईत राहून गेलेला माणूस स्वस्ताईतही राहूनच गेला होता.

अखेर कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत काका सापडले. स्टुडिओवाल्याने शेजारचे लोक पुसले, मागे निळा रंग भरला आणि विचारलं, "तोंडात जिलबी आहे, चालेल?"

"चालेल," काकू म्हणाली. "शुगर निघाल्यावर कुठे मिळाली त्यांना!"

भिंतीवर आता हारामागे काका आहेत. त्यांचा उजवा गाल किंचित फुगलेला आहे.