मस्कीसाठी रॉड

लेक कॉलेजसाठी मिशिगनला गेली, त्या सप्टेंबरात मी गराज आवरायला काढलं. माझा घटस्फोट होऊन दोन वर्षं होत आली होती. तिचा बाबा टेक्सासला राहायला गेला होता आणि वेस्ट विंडसरच्या घरात आता मी एकटीच उरले होते. खोक्यांच्या मागे लेकीचा लहानपणीचा जांभळा फिशिंग रॉड सापडला. तो काही फेकवेना. मग मासेमारीचं लायसन्स काढलं आणि कामाचा लॅपटॉप बंद केला की जवळच्या पार्कमधल्या तळ्यावर जायला लागले. गळाला गांडूळ लावायचं, तळहाताएवढे सनफिश पकडायचे आणि सोडून द्यायचे. अंधार पडला की घरी. तेवढा वेळ तरी घड्याळाकडे लक्ष जायचं नाही.

एकदा असाच एक सनफिश ओढून घेत होते. तो काठाशी आला आणि खालून काहीतरी लांबलचक, हिरवट वर आलं. सनफिश तोंडात धरून ते सावकाश वळलं. मी घाबरून रॉड जोरात वर ओढला आणि तो मधोमध मोडला.

पलीकडे खुर्ची टाकून बसलेले एक गोरे आजोबा उठून उभे राहिले. "मस्की होता तो, शिकारी मासा," ते म्हणाले. "बदकाची पिल्लंसुद्धा गिळतो. या रॉडने नाही यायचा."

हातात जांभळा तुकडा धरून मी बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. रडू आलं. माशासाठी की रॉडसाठी, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही.

त्या शनिवारी मी फिशिंगच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "गिफ्ट द्यायचाय?"

"नाही, माझ्यासाठीच. मस्कीसाठी."

त्याने मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी जेमतेम पाच फूट. पण हसला नाही. तीन रॉड काढून त्याने समोर ठेवले. पहिला सात फुटी, हलका, सहज गाडीत मावणारा. मस्कीला भुलवायला गळाबरोबर लावायचे खोटे मासे हातभर आणि चांगलेच जड असतात. तसा एक त्याने दोरीला बांधून दिला आणि म्हणाला, "उचलून बघा." तो सात फुटी रॉड मुठीपर्यंत वाकला. दुसरा इतका ताठ होता की शेंड्यालासुद्धा काही जाणवेना. तिसरा साडेआठ फुटी. शेंडा लवचीक, पण कमरेत दणकट. मूठ इतकी लांब की दोन्ही हातांनी धरून मागचं टोक काखेत दाबता यायचं. नुसताच फिरवून बघितला तर छताला लागला.

"मस्की पार काठापर्यंत मागे मागे येतो," तो माणूस म्हणाला. "तिथे खोटा मासा पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा असतो. आखूड रॉडने वळण मोठं घेता येत नाही."

मला तिसराच हवा होता, हे हातांना कळलं होतं. तरी मी फोन काढला. आयुष्यात मोठी वस्तू कुणाला न विचारता घेतलीच नव्हती. फ्रिज, गाडी, घर, सगळ्याला दोघांची चर्चा. लेकीला रॉडचा फोटो पाठवला. "कुठला घेऊ?" ती क्लासमध्ये असेल असं वाटलं आणि मग आठवलं, आज शनिवार आहे. उत्तर आलं नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला, ती आयसेलिनला साड्यांच्या दुकानात होती. ती म्हणाली, "रॉड? पडद्याचा का?" आणि मी म्हणाले, "हो, हो, नंतर बोलू."

तो माणूस दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे गेला. मी तिथेच उभी राहिले. रॉडवरच्या दोरी ओवायच्या प्रत्येक कडीवरून बोट फिरवलं, कुठे खरखरीत लागत नाही ना ते पाहिलं. मूठ काखेत घेऊन पुन्हा एकदा वजन उचललं. मग रॉड घेऊन काउंटरवर गेले. गाडीत शेजारची सीट पूर्ण आडवी केली तेव्हा कुठे तो मावला.

सगळा ऑक्टोबर मी फेकत राहिले आणि मासा काही आला नाही. खांदा दुखायचा, रात्री बाम चोळून झोपायचे. आजोबा थंडी वाढल्यावर यायचे बंद झाले. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला लेक येणार म्हणून खोली लावली होती. "आई, मी बाबाकडे जातेय या वेळी, इज दॅट ओके?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अगं, त्यात काय."

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सकाळीच तळ्यावर गेले. पार्कमध्ये चिटपाखरू नव्हतं. लाकडी धक्क्यावरून फेकत होते. दुपार होत आली, बोटं बधिर झाली. खोटा मासा पायाशी आला, सवयीने आठ काढला आणि दुसऱ्या वळणावर पाणी फुटलं. रॉड कमरेपर्यंत वाकला आणि तिथे थांबला. मी मूठ काखेत दाबून धरली. मासा धक्क्याखाली घुसला, परत आला, डोकं झटकत वर उसळला. मी मोठमोठ्याने बोलत होते, मराठीत, "थांब रे, थांब जरा."

शेवटी एका हाताने मोठं जाळं खाली धरून त्याला आत घेतलं. धक्क्यावर पालथी पडून, जाळं पाण्यातच ठेवून, लांब पक्कडीने गळ काढला. मग त्याची शेपूट एका हाताने धरली, दुसरा हात पोटाखाली घातला. दमलेल्या माशाला असंच धरायचं, तो स्वतःहून जाईपर्यंत. तेवढ्यात खिशात फोन वाजायला लागला. लेकीची रिंगटोन. दोन्ही हात पाण्यात. वाजून वाजून बंद झाला. मी सोडलं नाही त्याला. त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते. मग शेपटीत एकदम जोर आला आणि तो गेला.

हात पुसून फोन लावला आणि म्हटलं, "अगं, काय झालं ऐक." मागे भांड्यांचा आवाज, तिच्या बाबाचं हसणं. "आई, आम्ही आत्ताच जेवायला बसलो. लेटर सांगशील?"

"हो, सांगते. जेव तू."

गाडीत हीटर लावून बसले. हातांना माशाचा वास येत होता. ज्याला हे आत्ता, याच क्षणी सांगावं असं कुणी नव्हतं, आणि तरीही मी एकटीच हसत होते. मग हसता हसता थांबले.

संध्याकाळी, नागपूरला पहाट झाल्यावर, आईला व्हिडिओ कॉल केला. ती चहा घेत होती. मी सगळं सांगितलं.

"अन् मग सोडून दिला? काहून?"

"सोडायचाच असतो, आई."

"बरं. पण होता केवढा?"

मी हात पसरले.

"दिसत नाहीयेत तुझे हात," ती डोळे बारीक करून म्हणाली. "जरा मागे सरक."

मी मागे सरकले.