ओव्हाळ बाईंची इतिहासजत्रा

विमल ओव्हाळ बाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती चिंचवडच्या आमच्या शाळेच्या शिक्षककक्षात. मी इंग्रजी शिकवायला नव्याने रुजू झाले होते. पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये माझे सारे शिक्षण झालेले. मराठी घरात बोलायची, पण वाचायचे ते इंग्रजीतून. बाई कोपऱ्यात इतिहासाच्या वह्या तपासत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले,

“मॅडम, गाव कोणतं तुमचं?”

“पुणे.”

“ते झालं राहायचं ठिकाण. गाव?”

मला सांगता येईना. इंग्लंडच्या एका राजाच्या साऱ्या राण्या मला क्रमाने पाठ होत्या, पण आमचे आजोबा कुठून पुण्यात आले हे मी घरी कधी विचारलेच नव्हते. “विचारून या. उद्या सांगा,” बाई म्हणाल्या. शिक्षिका म्हणून पहिल्याच दिवशी मला गृहपाठ मिळाला. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने जुन्नरजवळच्या एका खेड्याचे नाव सांगितले, तर बाईंचा पुढचा प्रश्न तयार होता. “कुणी सांगितलं?”

“आत्याने.”

“मग आत्याचं नाव घेऊन सांगा. नाहीतर ते हवेतलं राहतं.”

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी लिहावे, असे त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुचवले, तेव्हा मला पहिल्यांदा हाच प्रसंग आठवला.

बाईंचे वडील नगर जिल्ह्यातून पिंपरीत आले आणि एका कारखान्याच्या फाउंड्रीत लागले. घरी सगळ्यांच्या शिफ्ट सांभाळत, बहिणींनाही बरोबर शिकवत बाई शिकल्या आणि इतिहासाच्या शिक्षिका झाल्या. पाठ्यपुस्तकात किल्ले होते, लढाया होत्या, स्वातंत्र्याची चळवळ होती. वर्गातल्या मुलांची घरे मात्र त्यात नव्हती. बाई त्यावर कधी रागावल्या नाहीत. “पुस्तक लहान आहे, देश मोठा आहे,” एवढेच म्हणत. त्यातूनच त्यांनी शाळेत इतिहासाची जत्रा सुरू केली. ‘प्रदर्शन’ हा शब्द त्यांना चालत नसे. “प्रदर्शन म्हटलं की माणसं हात मागे बांधून फिरतात. जत्रा म्हटलं की बोलतात,” असे त्यांचे म्हणणे.

पहिल्या वर्षी बाके जोडून, त्यांवर चादरी अंथरून जत्रा भरली. एका बाजूला मुलांनी मातीचे किल्ले केले होते, स्वातंत्र्यलढ्याचे तक्ते लावले होते. दुसऱ्या बाजूला मराठवाड्यातून आलेल्या एका मुलीने पणजीची टकळी ठेवली होती. ती पणजी प्रभातफेरीत गाणी म्हणत असे. पुनावळ्याच्या मुलांनी मळ्यातल्या मोटेचे चाक हातगाडीवर घालून आणले होते. देशाचा इतिहास आणि गल्लीतला इतिहास एकाच चादरीवर. अट एकच : प्रत्येक वस्तूपुढे एक कार्ड हवे आणि त्यावर ही माहिती कुणी सांगितली त्या माणसाचे नाव हवे. जत्रेआधी बाई प्रत्येक मुलाच्या घरी जात, सांगणाऱ्या माणसाशी स्वतः बोलत, मगच कार्डावर सही करत. पुढे पुढे त्यांच्याबरोबर मीही जाऊ लागले. कितीतरी घरांतला चहा मी असा प्याले आहे.

बाई तशा गोड बोलणाऱ्या नव्हेत. त्यांची माया कामातून कळते. माझे यजमान इस्पितळात होते, त्या दिवसांत माझे तास त्यांनी न सांगता घेतले. मी परत आल्यावर मुली हसत सांगू लागल्या, “मॅडम, बाईंनी पास्ट टेन्स शिकवला. पण सगळी वाक्यं आजीवरच!” वह्या उघडल्या तर पानभर इंग्रजी वाक्ये होती, कुणाची आजी चालत आली होती, कुणाच्या आजीने विटा उचलल्या होत्या. क्रियापदे मात्र एकूण एक बरोबर होती. इतकी वर्षे इंग्रजी शिकवून मला असा धडा सुचला नव्हता.

परंतु बाई काय आहेत हे मला खरे उमगले ते करोनाच्या आदल्या वर्षीच्या जत्रेत. आम्ही दोघीही तोवर निवृत्त झालो होतो. जत्रेचे काम मात्र शाळेने बाईंकडेच ठेवले होते. आठवीतली स्वप्नाली तळवड्याच्या जुन्या गावातली, घराण्याचा अभिमान असलेली तरतरीत मुलगी. तिच्या घरी दिवाणखान्याच्या भिंतीवर एक तलवार होती. खंडेनवमीला तिची पूजा होई. ‘आम्ही मावळ्यांच्या वंशातले’ असे ती साऱ्या शाळेला सांगत असे. बातमी मुख्याध्यापकांपर्यंत गेली, तिथून गावातल्या एका पुढाऱ्यांपर्यंत. तलवारीचे पूजन त्यांच्या हस्ते ठरले आणि शाळेच्या फाटकावर फ्लेक्सही लागला : ‘मावळ्यांच्या काळातील ऐतिहासिक तलवार’.

आम्ही नेहमीप्रमाणे तिच्या घरी गेलो. स्वप्नाली शिकवणीला गेली होती, तिची आई आत चहा टाकत होती. बाहेर फक्त आबा, म्हणजे स्वप्नालीचे आजोबा. बाईंनी विचारले, “आबा, ही तलवार तुमच्याकडे कशी आली? तुम्हाला कुणी सांगितलं?”

आबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

“बाई, म्या कवा कुनाला काय सांगितलं? लोकं म्हनली, वाडवडलांची हाय का? म्या न्हाई म्हनलो न्हाई, येवढंच.”

“मग कुणाची आहे?”

“माजीच. म्याच बनवली. टरकाच्या पाट्याची.”

कारखान्यात लागल्यावर, तरुणपणी, ट्रकच्या स्प्रिंगची एक टाकाऊ पट्टी साहेबांना विचारून घेऊन त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ती घडवली होती. गावच्या मिरवणुकीत मिरवायला. पुढे घर सिमेंटचे झाले, तलवार भिंतीवर गेली, सुना आल्या, पाहुणे आले आणि तलवारीचे वय वाढत गेले.

“पोरीला सांगू नका, बाई,” आबा म्हणाले. “तिला त्वांड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई मला.”

बाईंनी एकदा भिंतीवरच्या तलवारीकडे पाहिले. मग म्हणाल्या, “मी नाही सांगणार, आबा. ते तुमचं आहे. पण मावळ्यांची तलवार असं लिहिलेल्या कार्डावर मी सही करणार नाही. कार्ड कोरं ठेवते. तुम्ही जत्रेला या, टेबलापाशी बसा. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.”

चहा आला. आबांनी तो बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

बाईंनी मुख्याध्यापकांना एवढेच सांगितले, की तलवारीचे वय पक्के नाही, फ्लेक्स उतरवावा. ते बिचारे कात्रीत सापडले होते. “बाई, पाहुण्यांना शब्द दिलाय. राहू द्या ना. कुणाला कळतंय?”

“स्वप्नालीला कळेल,” बाई म्हणाल्या. “आज नाही, मोठी झाल्यावर कळेल. मग आपण शिकवलेलं बाकीचं तरी ती खरं का मानेल?”

फ्लेक्स उतरला नाही.

जत्रेच्या सकाळी लाल कापडावर तलवार होती आणि तिच्यापुढे कोरे कार्ड. स्वप्नाली रडकुंडीला आलेली. “बाई, माझंच कार्ड कोरं का? सगळे हसतायत.”

“आबा येऊ देत.”

“आबा नाही येणार. सकाळपासून गुडघा धरून बसलेत.”

बाईंची नजर सारखी फाटकाकडे जात होती. इतर टेबलांवर त्या मुलांशी बोलत होत्या आणि दोनदा एकाच मुलाला तोच प्रश्न विचारून बसल्या. मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते.

आणि आबा आले. मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून, डोक्याला स्वच्छ टोपी. टेबलापाशी खुर्चीवर बसले, नातीला जवळ बोलावले. मी शेजारच्याच टेबलाशी होते.

“सपने, ही तलवार म्या बनवलेली हाय. कंपनीत.”

“म्हणजे मावळ्यांची नाही?”

“न्हाई.”

“मग तुम्ही खोटं बोललात?”

“गप ऱ्हायलो. त्ये बी तसलंच.”

स्वप्नालीने ओढणीने तोंड पुसले आणि ती थेट मैदानाच्या टोकाला पाण्याच्या टाकीकडे निघून गेली. बाई तिच्या मागे गेल्या. त्यांनी तिला जवळ घेतले नाही, समजावले नाही. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. मला दोघींच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.

तेवढ्यात पाहुणे आले. नारळ, हार, फोटोवाला, सगळे आले. मुख्याध्यापकांच्या कपाळावर घाम. कुणी काही बोलायच्या आत आबा उठले आणि हात जोडून म्हणाले, “सायेब, माफी असावी. तलवार जुनी न्हाई. ह्या हातानं बनवली, टरकाच्या पाट्याची.”

पाहुण्यांनी एकदा फ्लेक्सकडे पाहिले, एकदा हातातल्या नारळाकडे. “आता आली का पंचाईत! मग ह्यो फोडायचा का न्हाई, आबा?”

“फोडा की राव. नारळाला काय ठावं?”

हसू उसळले आणि त्या हसण्यातच मला पुढे येणारी स्वप्नाली दिसली. डोळे लाल, हातात पेन. बाई तिच्या चार पावले मागे. ती कुणाकडे न बघता आबांसमोर उभी राहिली.

“आबा, मूठ कुणी केली?”

आबा तिच्याकडे पाहतच राहिले. “मुठीला कापड तुज्या आजीनं गुंडाळलं. नव्या लुगड्याचा काठ फाडला.”

“नव्या लुगड्याचा? का?”

“पात्यानं माजा हात कापला व्हता, म्हनून. तिच्या सासूनं लई बोल लावला तिला.”

स्वप्नालीने आजीला पाहिलेले नव्हते. आजी तिच्या जन्माआधीच गेलेली. ती खाली बसली, कोरे कार्ड मांडीवर घेतले आणि विचारू लागली. लुगडे कोणत्या रंगाचे, सुट्टी किती वेळाची, साहेब काय म्हणाले. आबा सांगत होते, ती लिहीत होती. भोवती गर्दी जमत गेली. तिच्यात आबांच्या वयाचे निवृत्त कामगारही होते. “आरं, आमच्या कंपनीच्या शॉपमधलाच पाटा हाय ह्यो!” असे म्हणत तेही सांगू लागले. कार्ड पुरले नाही. मुख्याध्यापकांनी स्वतः आणखी कागद आणून दिले, आणि येताना फाटकावरचा फ्लेक्सही उतरवला, हेही इथे नोंदवले पाहिजे.

परतताना रिक्षात बाई थकून मागे टेकल्या होत्या. म्हणाल्या, “आबा आले नसते तर?”

“तर काय केलं असतं तुम्ही?”

“काय करणार? कार्ड कोरंच राहिलं असतं. पोरीजवळ उभी राहिले असते दिवसभर.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “माझ्याच्याने सांगवलं नसतं, आणि खोट्यावर सहीही करवली नसती. फार भीती वाटली हो मला.” कुणालाही न घाबरणाऱ्या बाईंच्या तोंडून तो शब्द मी त्या एकदाच ऐकला. भीती वाटत असतानाही त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाला खरे बोलायची संधी दिली, ते त्याच्याकडून ओढून काढले नाही. इतिहास शिकवणाऱ्याला याहून मोठे काय जमायला हवे, मला ठाऊक नाही.

आबा आता नाहीत. स्वप्नाली ताथवड्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकते आणि जत्रेच्या दिवसांत लहान मुलांना घरच्या माणसांशी कसे बोलावे ते शिकवायला येते. तलवार अजून भिंतीवर आहे, खंडेनवमीला तिची पूजाही होते. फरक एवढाच, की पाहुण्यांनी विचारले तर घरातले धाकटे पोरही आता सांगते, “आमच्या आबांनी केलीय.”

बाईंना आता जिने चढवत नाहीत. मुलांची घरे लिफ्टच्या इमारतींत गेली, हे त्यातल्या त्यात बरे. बाई, तुमच्यामुळे या कारखान्यांच्या गावातल्या कितीतरी घरांना आपल्या माणसांकडे ताठ मानेने बघता आले. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरी तुम्ही चालत्याबोलत्या गाठावी. जिथे कुणी खरे सांगायला कचरत असेल, त्या घरी अजून पुष्कळ वर्षे तुमचे जाणे होवो. रिक्षात तुमच्या शेजारची जागा मी धरून ठेवली आहे.