हेअर इज, हेअर आर

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही भुसावळकडे. लग्न होऊन झाशीला आले, नवरा रेल्वेच्या कारखान्यात फिटर. तो गेला तेव्हा पोरगी दहा वर्षांची. क्वार्टर सोडावं लागलं. लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकडे एक खोली घेतली आणि सदर बाजारातल्या एका इंग्रजी शाळेत आया म्हणून लागले. लहान पोरांची ओकारी पुसायची, संडास धुवायचे. त्याची मला कधी किळस आली नाही. किळस आली ती दुसऱ्याच गोष्टीची.

शाळेच्या बड्या मॅडम म्हणाल्या, आयाच्या मुलीला फी माफ करू, पण आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल. पोरीची पालिकेची शाळा पाचवीला संपत होती. नापास झाली असती तर माझ्याबरोबर फरशी पुसायला आली असती, दुसरं काय.

इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमनी मला गाठलं. "मेरे घर भेज दो, पढ़ा दूँगी। पैसा मत देना। तुम थोड़ा हाथ बँटा देना बस।" हे थोडं म्हणजे झाडू, भांडी, कपडे, मोरी आणि धान्य निवडणं. तीन पोरी पैसे देऊन यायच्या, त्या खुर्चीवर. माझी दाराशी चटईवर. मी अंगणात.

ऐकून ऐकून मलाही थोडं कळायला लागलं. आपण केलं तर वॉश, आणि बाई एकटी असली की वॉशेस. एकट्या बाईच्या कामाला शेपूट लागतं म्हणे. हे मला पटलं. पण मोजता येत नाही ते सगळं एकच धरायचं, हे काही डोक्यात शिरेना. दूध, पाणी ठीक आहे. तांदूळ? बाजारात तांदूळ महाग होतो, पण सुपात आले की आपण तांदूळ निवडतो, तांदूळ धुतले म्हणतो. पोहे झाले म्हणतो. पोरगी घरात माझंच ऐकून वाढलेली. ती लिहायची राइस आर, पोहा आर. बाकीच्या पोरी हिंदीवाल्या, पोहा एकच म्हणायच्या, त्यांचं तिथं चुकायचं नाही. इंग्रजीत केसही एकच, हेअर इज; तिथं मात्र त्यांचंही चुकायचं, हिंदीतही बाल पुष्कळच असतात ना. त्यांचं चुकलं की मॅडम लाल पेन्सिलीनं नीट करून द्यायच्या.

एक दिवस मी अंगणात त्यांचे तांदूळ निवडत होते. डबा कधीचा पडलेला, सोंडे नुसते वळवळत होते, माझ्या मनगटावर चढत होते. आतून मॅडमचा आवाज आला. पोरीची वही मोठ्यानं वाचत होत्या. "माय मदर्स हेअर आर व्हाइट. अच्छा? आर? कितने हैं?"

पुढे मॅडमच बोलल्या.

"अरे मराठिन, आर लिखा है तो गिने होंगे। जाओ, माँ बाहर बैठी है। गिन के आओ।"

त्या तिघी खी खी हसल्या. मला वाटलं, पोरगी रडेल. ती उठून बाहेर आली, माझ्या पाठीमागे उभी राहिली आणि खरंच माझा पदर सारून पांढरे केस मोजायला लागली. एक, दोन, तीन. मी मान हलवली नाही. हातातला सोंडा चिरडला तेवढा.

आतून हाक आली, "कितने हुए?"

"इकतालीस, मॅडमजी."

पुन्हा हसणं. तिथंच मला किळस आली. सोंड्यांची नव्हे. शिकलेली बाई, घरात कपाटभर पुस्तकं, आणि दहा वर्षांच्या लेकराकडून आईचं डोकं मोजून घेते. पण उठून जायची सोय नव्हती. परीक्षेचे प्रश्न तीच काढणार होती.

वाटेत पोरगी म्हणाली, "आई, मी उद्यापासून येणार नाही."

"यायचं."

"माझं चुकतंच गं. तोंडात आधी आपलं येतं."

"मग आपलंच बदलू," मी म्हटलं.

त्या रात्रीपासून आमच्या खोलीत सगळं एक झालं. तांदूळ धुतला. पोहा भिजवला. केस विंचरला का गं? विंचरला. तुझा केस गळतोय, तेल लाव. शेजारची मराठी वहिनी, कारखान्यातल्याच माणसाची बायको, म्हणाली, "अहो, तुम्हाला झालंय तरी काय? एकच केस विंचरता?" मी म्हटलं, "एकच उरलाय." ती हसली. मला हसू आलं नाही. आपल्याच तोंडाची शिसारी येत होती. तोंडात दुसऱ्याचा उष्टा घास कोंबल्यासारखं वाटायचं. तरी दीड महिना बोलले.

परीक्षेच्या दिवशी मी बड्या मॅडमच्या खोलीबाहेर व्हरांडा पुसत होते. एकाच जागी फडकं फिरवत बसले. आत आधी राइस झालं, मग फर्निचर झालं. मग आमच्या मॅडमचा गोड आवाज, "अँड युअर मदर्स हेअर?"

"माय मदर्स हेअर इज व्हाइट."

बड्या मॅडम म्हणाल्या, "गुड."

घेतलं तिला. फॉर्म हातात देताना आमच्या मॅडम हसून म्हणाल्या, "देखा, मेरी मेहनत। और हाँ, फी माफ़ी हर साल नई होती है। दस्तखत मेरे होंगे। कल ज़रा जल्दी आना, मेहमान हैं।"

आम्ही घरी निघालो. बडा बाजार लागला तेव्हा पोरगी म्हणाली, "आता कशाला जातेस? पास झाले ना मी?"

"सही कोण करणार?"

"तुला राग नाही येत?"

"येतो की. घाण वाटते त्या बाईची."

"मग?"

"मग काय. तू पुढच्या वर्षी सातवीत जायचंस."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघाले. मॅडम उठल्या नव्हत्या. दार उघडेपर्यंत पायरीवर उभी राहिले, बसले नाही.