पाच गुरुवारांची पैज

वडवणीच्या रस्त्याला, आमच्या ओढ्याच्या पलीकडे पिराचा दर्गा आहे. दर गुरुवारी शेळ्या चारून परत येताना मी तिथं चिमूटभर साखर ठेवायचे, पुढची जागा झाडायचे आणि उदाची राख पदराच्या गाठीत बांधून घरी आणायचे. ती आमच्या अकरा शेळ्यांच्या कपाळाला लावायची. सासूबाई असंच करायच्या. आपण हिंदू, पीर मुसलमानांचा, असा विचार त्यांनी कधी केला नाही, मीही केला नाही.

यंदा पोळा झाल्यावर मुलानं मला धरलं. तो वडवणीत औषधाच्या दुकानात कामाला आहे. बोलण्यात कुणाला हार जात नाही.

"माय, तिथं कोण पुरलंय, म्हाईत हाय का?"

"पीर."

"ते काय नाव हाय व्हय? बरं, राखेनं शेळी जगती हे कशावरून?"

"मेली न्हाई कवा."

"आन मागं काळी मेली ती?"

"ती म्हातारी होती."

मालक बाजेवर पडले होते, शेजारचे दोघं-तिघं गप्पा मारायला बसले होते. ते मुलाला म्हणाले, "तुझ्या मायला वकील करायला पायजे होतं बे."

सगळे हसले. मीही हसले, पण मनात संशय शिरला. इतकी वर्षं हा गप्प होता, मग आताच कावून? मला दर्ग्यापुढं झाडताना त्याच्या मित्रांनी पाहिलं असणार. त्याला राखेचं काही नव्हतं, माझी लाज वाटत होती.

मग त्यानं पैज घातली. मी पाच गुरुवार जायचं नाही. तेवढ्यात एखादी शेळी दगावली, तर तो स्वतः साखर घेऊन पिराकडं जाईल. काही झालं नाही, तर मी कायमचं सोडायचं. चारचौघांत मला 'नाही' म्हणता येत नाही. मी मान हलवली.

पहिल्या गुरुवारी मी शेळ्या ओढ्याच्या अलीकडूनच वळवल्या. मान मात्र पलीकडं गेली. मी एसटी बघतेय, असं मनाला सांगितलं. रस्त्यावर केळीची गाडी लावणारी मुसलमान बाई ओरडली, "मावशी, आज जुमेरात हाय, वर आल्या न्हाईत?"

"पाय दुखायलाय."

तिनं माझ्या पायाकडं पाहिलं. हिला मुलानं सगळं सांगून ठेवलंय, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

त्यानंतर मी शेळ्यांकडं शेळ्या म्हणून बघितलंच नाही. कोण खोकली, कोण मागं राहिली, कुणाची लेंडी पातळ झाली, एवढंच बघत होते. मुलगाही तेच बघायचा. जन्मात कधी शेळीच्या दाव्याला हात न लावणारा, कामावर जायच्या आधी गोठ्यात चक्कर मारू लागला. एके दिवशी पेंडीच्या पोत्यामागं मला जंताच्या औषधाची बाटली सापडली. अर्धी संपलेली. मी ती होती तिथं ठेवली. तो औषध पाजून पैज जिंकत होता, मी दर्ग्याकडं मान वळवून मोडत होते. पिराचाही संशय यायचा. तो रागावून वाट बघतोय, की मी येत नाही हे त्याला कळलंच नाही?

तिसऱ्या गुरुवारी पांढरीचं करडू हगवणीला लागलं. आचळाला तोंड लावेना. मी त्याच्याजवळ बसले. डाळिंबाच्या सालीचं पाणी पाजायचं मला माहीत होतं, साल घरात होती. मी उठले नाही. 'आता कळंल पोराला,' असं मनात आलं, आणि ते आल्यावर मला बरं वाटलं. भिंतीवरचं ऊन खाली जमिनीवर उतरलं तरी मी बसूनच होते. करडानं मान टाकली, बारीक ओरडलं. तेव्हा मला माझीच भीती वाटली. पळत जाऊन साल उकळली.

दुसऱ्या दिवशी करडू उठलं. मुलगा म्हणाला, "बघ माय, राखेबिगर उठलं."

पाच गुरुवार झाले. अकराच्या अकरा शेळ्या धड होत्या. सहाव्या गुरुवारी मी साखरेची पुडी बांधली. तो दारात उभा होता.

"माय, हारलीस ना?"

"हारले."

"मग कावून निघालीस?"

"पैज हारले. पुन्हा मला पैजेला बसवू नको."

"म्हंजे राखेत काही हाय, असं वाटतंय तुला?"

"मला म्हाईत न्हाई, बाबा."

त्याच्याजवळ पुढचा प्रश्न तयार होता, तोंडावर दिसत होता. मी बाजूनं निघून आले, शेळ्या सोडल्या.

परतताना दर्ग्यापुढची जागा झाडली. एरवी मी शेळ्या सुखी ठेव म्हणायचे. त्या दिवशी काही मागितलं नाही. एक करडू मरायची मी वाट बघत बसले होते, एवढं सांगितलं. हे घरी सांगता आलं नसतं. मुलानं ते लगेच आपल्या बाजूला धरलं असतं, नाहीतर माझ्या बाजूला. इथं कुणी ऐकलं का, ते मला माहीत नाही. ऐकलं असेल, असं छातीवर हात ठेवून मी म्हणणार नाही. पण सांगून झाल्यावर थोडा वेळ बसले, आणि शेळ्या पुढं निघाल्या म्हणून उठले.