गच्चीच्या दक्षिणेचं कलम

१९ एप्रिलचा रविवार. गच्चीवर खाटेवर प्लास्टिक अंथरून कुरडया घालत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांइतका मसुद्यावर जीव असलेला माणूस नाशकात दुसरा नसेल. सरकारी नोकरीत त्यांनी तीस वर्षं धोरणं लिहिली. चहा घेणार का विचारलं तर "तत्त्वतः हो" म्हणतात आणि साखरेबद्दल वेगळं टिपण देतात. जावयाला दिवाळीचं बोलावणं "ज्याअर्थी"ने सुरू करून पाठवलं. तो बिचारा वकिलाला दाखवून मग आला.

यंदा मार्चमध्येच चटके बसायला लागले, तेव्हा साहेबांनी आमच्या इमारतीचं हवामान धोरण लिहायला घेतलं. "बारा बिऱ्हाडं जमली, की राज्याचं काय अवघड आहे, वहिनी?" हरकती आणि सूचनांसाठी जिन्याखाली बिस्किटांचा डबा ठेवला. हरकती सतरा आल्या. सूचना एकच: डबा आमचा आहे, परत करा. एसी सव्वीसवर ठेवायला सगळे तयार, फक्त शेजारच्यांनी आधी. लिफ्ट दुपारी बंद ठेवायच्या कलमावर निफाडला बाग असलेले आमच्या वरच्या मजल्यावरचे तात्या म्हणाले, "साहेब, गारपीट तिकडं माझ्या द्राक्षांवर झाली. इथं लिफ्ट बंद करून काय फरक पडनार हाय?" साहेबांनी ज्याला त्याला अपवाद दिला. दोन पानी धोरणाला नऊ पानं अपवाद झाले. उभं राहिलं एकच कलम: गच्चीच्या दक्षिणेला सौर पॅनल. त्याला हरकत माझी. तिथल्या उन्हात कुरडई दोन दिवसांत खडखडीत वाळते.

तेवढ्यात साहेबच वर आले. "संध्याकाळी सभा आहे. तुम्हालाही अपवाद देऊ?"

"द्या की. पॅनल दुसरीकडे बसवा."

"दुसरीकडे टाकीची सावली येते." त्यांनी पेन उघडलं, पण लिहिलं काही नाही. "तीस वर्षांत माझं एक कलम जसंच्या तसं मंजूर झालेलं पाहिलं नाही हो."

"आधी जरा बाजूला व्हा. कुरडयांवर तुमची सावली पडतेय."

ते बाजूला झाले.

सभेत मी हरकत कायम ठेवली. विषय पुढे ढकलला. साहेबांनी तसं इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि सगळे निघाल्यावर खुर्च्या एकट्यानेच उचलून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाट टाकीच्या बाजूला ओढली, हरकत मागे घेतल्याचं कागदावर लिहिलं आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"तारीख राहिली, वहिनी," म्हणाले.

मी घातली.